अ‍ॅव्हरेज किती देते?

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो. अ‍ॅव्हरेज किती देते? सनरूफ, एअरबॅगा, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर. आता हाच प्रश्न बिझनेस जेटला विचारला तर? म्हणजे ते सहा, आठ किंवा बारा सीटांचं चकचकीत विमान, ज्याच्या शिडीवरून उतरताना उद्योगपतींचे फोटो छापून येतात.

गेले तीन-चार वीकेंड मी याच प्रश्नाच्या मागे आहे. सुरुवात निव्वळ कुतूहलातून झाली, पण वाचत गेलो तसं एक गोष्ट ध्यानात आली. या विमानांचा साठेक वर्षांचा इतिहास इंजिनांचा आहेच, पण त्याहून जास्त तो भागाकाराचा आहे. खर्च भागिले काय? तास? मैल? सीट? की मालकीचा हिस्सा? दर दहा-पंधरा वर्षांनी कुणीतरी येऊन भाजक बदललाय आणि त्यानुसार कधी कुणाचं नशीब उघडलंय, कधी कुणाचं दिवाळं निघालंय.

तर मंडळी, सुरुवात १९५७ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबरात लॉकहीडच्या जेटस्टारने पहिलं उड्डाण केलं. बरोबर एका वर्षाने, १९५८ च्या सप्टेंबरात, नॉर्थ अमेरिकनचं सेबरलायनर उडालं. दोन्ही विमानं मुळात अमेरिकन हवाई दलाला छोटं जेट हवं होतं म्हणून जन्माला आली, कंपन्यांचे साहेब त्यात नंतर बसले. इथे एक गंमत सांगतो. जेटस्टारच्या पहिल्या नमुन्यांवर ब्रिटिश ब्रिस्टल ऑर्फियस इंजिनं होती, म्हणजे आपल्या नॅट आणि मारुत या लढाऊ विमानांवर होती त्याच जातीची. आणि सेबरलायनर बनवणारी नॉर्थ अमेरिकन म्हणजे सेबर जेटवालीच कंपनी. १९६५ च्या युद्धात नॅट आणि सेबर एकमेकांसमोर कसे आले हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं, पण त्यांची चुलत भावंडं तेव्हा अमेरिकेत साहेबलोकांना मीटिंगला पोचवत होती!

असो. मुद्दा असा की ही विमानं पित किती होती, हे तेव्हा कुणी फारसं विचारलंच नाही. जेटस्टारच्या उत्पादनातल्या विमानांना चार-चार टर्बोजेट इंजिनं होती. दहा लोकांसाठी चार इंजिनं! तेल स्वस्त होतं, कंपन्यांचा नफा वाढत होता, आणि त्याआधी साहेबलोक दुसऱ्या महायुद्धातल्या डागडुजी केलेल्या पंख्याच्या विमानांतून फिरत होते. त्यांच्यासाठी जेट म्हणजे वेळेची बचत आणि रुबाब, एवढाच हिशोब.

मग आला बिल लिअर. या माणसावर वेगळा लेख लिहायला पाहिजे. फारसं औपचारिक शिक्षण नाही, पण मोटारीतल्या रेडिओपासून एट-ट्रॅक टेपपर्यंत सगळीकडे हात मारलेला. स्वित्झर्लंडमध्ये पी-१६ नावाचं एक लढाऊ विमान तयार होत होतं, ते स्विस सरकारने गुंडाळलं. लिअरने त्याच्या पंखांच्या आराखड्याचा आधार घेतला, बिऱ्हाड अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी हलवलं, आणि ७ ऑक्टोबर १९६३ ला लिअरजेट २३ हवेत गेलं. किंमत सहा लाख डॉलरच्या आत, म्हणजे जेटस्टारच्या निम्म्याहूनही कमी. फ्रँक सिनात्राने एक घेतलं. पुढे 'लिअरजेट' हा शब्दच खासगी जेटचा समानार्थी झाला, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणतात तसं.

लिअरजेटला जनरल इलेक्ट्रिकची सीजे-६१० इंजिनं होती. ही लष्करी जे-८५ ची नागरी आवृत्ती, म्हणजे एफ-५ सारख्या लढाऊ विमानातलं इंजिन. छोटं, हलकं, ताकदवान आणि भयंकर तहानलेलं. जमिनीलगत पूर्ण ताकदीवर हे इंजिन एक पौंड रेट्यासाठी तासाला जवळपास एक पौंड इंधन जाळायचं. विमान ३५-४० हजार फुटांवर गेलं की जरा निभायचं, पण खाली विमानतळाभोवती घिरट्या घालायची वेळ आली की पायलटची नजर इंधनाच्या काट्यावर खिळलेली.

हे असं का, यासाठी अकरावी-बारावीचं फिजिक्स पुरतं. इंजिन हवा मागे फेकतं म्हणून विमान पुढे जातं. मिळणारा रेटा हा फेकलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले वेग. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे दुप्पट हवा निम्म्या वेगाने फेकली तर रेटा तेवढाच, ऊर्जा निम्मी. (विमान स्वतः पुढे जात असतं त्यामुळे गणित थोडं बदलतं, पण गाभा हाच.) टर्बोजेट थोडी हवा प्रचंड वेगाने फेकतो. टर्बोफॅनमध्ये पुढे मोठा पंखा असतो, तो पुष्कळ हवा गाभ्याच्या बाहेरून हळू मागे ढकलतो. मोठ्या प्रवासी विमानांत हे साठच्या दशकात आलंच होतं. छोट्या विमानासाठी छोटा टर्बोफॅन बनवणं मात्र कटकटीचं, आणि ज्याला गरज वाटत नाही तो कशाला भानगडीत पडेल?

सेस्ना कंपनी त्या भानगडीत पडली. तीही विचिटाचीच, म्हणजे लिअरची शेजारीण. १९६८ मध्ये सेस्नाने जाहीर केलं की आम्हीही जेट बनवतोय, सायटेशन. सरळ पंख, प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे जेटी-१५डी हे छोटे टर्बोफॅन, आणि वेग... इथे सगळे हसले. लिअरजेट ताशी आठशेच्या वर जायचं आणि हे सव्वासहाशे-साडेसहाशे. लोक याला 'निअरजेट' म्हणायला लागले, 'स्लोटेशन' म्हणायला लागले. एक जोक अजूनही पायलट मंडळी सांगतात: सायटेशनला पक्षी मागून येऊन धडकतात.

आता जरा एक्सेल उघडू. सत्तरीच्या सुरुवातीचं लिअरजेट २४ घ्या आणि पहिलं सायटेशन ५०० घ्या. हे ढोबळ आकडे आहेत, वजन आणि उंचीप्रमाणे बदलतात. लिअरजेट तासाला साधारण ९५० लिटर प्यायचं, सायटेशन ५५० च्या आसपास. पण थांबा, इथेच भागाकार आडवा येतो. तासाला भागलं तर सायटेशन चाळीस टक्क्यांहून जास्त स्वस्त दिसतं, आणि सेल्समनने हाच आकडा पुढे केला तर आपण गंडलो. कारण सायटेशनला तेच अंतर कापायला जास्त तास लागतात. म्हणून किलोमीटरला भागू. लिअरजेट ताशी ८१५ किमी, म्हणजे किलोमीटरमागे सव्वा लिटरला थोडं कमी. सायटेशन ताशी ६३०, म्हणजे पाऊण लिटरहून थोडं जास्त. फरक चाळीसवरून पंचवीस टक्क्यांवर आला, पण राहिला.

आता तेच प्रवासाच्या हिशोबात मांडा. विचिटा ते शिकागो साधारण ९५० किमी. चढण-उतरण सोडून दिली तर लिअरजेटला ७० मिनिटं आणि ११०० लिटर, सायटेशनला ९० मिनिटं आणि ८३० लिटर. सगळी थट्टा चालली होती ती वीस मिनिटांवरून! आणि सायटेशन लहान धावपट्टीवर उतरू शकायचं, त्यामुळे गावाबाहेरच्या मोठ्या विमानतळाऐवजी फॅक्टरीजवळच्या छोट्या पट्टीवर जाता यायचं, आणि ती वीस मिनिटं तिथेच वसूल. शिवाय ते चालवायला सोपं होतं. लिअरजेट हाताळणं हे प्रकरण वेगळं, सुरुवातीच्या वर्षांत त्याचे अपघात बरेच झाले.

सेस्नाने अजून एक शहाणपणा केला. सायटेशनची किंमत ६ लाख ९५ हजार डॉलर ठेवली आणि त्यात पायलटचं ट्रेनिंग आणि वर्षभराचा मेंटेनन्स घातला. आधी पंख्याचं विमान असलेल्या गिऱ्हाइकाला जेटच्या किमतीपेक्षा जेटनंतर येणाऱ्या बिलांची भीती होती. त्यांनी नेमकी ती भीती विकत घेतली. माझ्या मते सायटेशनच्या यशात इंजिनाइतकाच वाटा या पॅकेजचा आहे.

सायटेशनला सप्टेंबर १९७१ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं. कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत बाराच्या घरात गेला. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ज्या देशात गाडीवाल्यांना हळू चालवा म्हणून सांगत होते तिथे चार इंजिनांच्या जेटस्टारमधून गोल्फ खेळायला जाणं जरा अडचणीचंच झालं. 'स्लोटेशन'चा स्लोपणा एकदम सद्गुण ठरला.

लिअरवाले गप्प बसले नव्हते (बिल लिअरने स्वतः १९६७ मध्येच कंपनी गेट्स रबरला विकली होती). गॅरेट कंपनीने टीएफई-७३१ नावाचा टर्बोफॅन काढला, १९७२ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळालं. याची जन्मकथा मस्त आहे. इंजिनाचा गाभा आला तो डीसी-१० या प्रवासी विमानाच्या शेपटीतल्या सहाय्यक इंजिनातून, म्हणजे विमान जमिनीवर उभं असताना वीज आणि एसी चालवणारं जे धूड असतं त्यातून. एखाद्या इमारतीच्या जनरेटरवरून रेसिंग कार बनवावी तसं. आणि पंखा व टर्बाइन यांच्यामध्ये गिअर बसवला, म्हणजे पंखा त्याच्या सोयीच्या वेगाने फिरेल आणि टर्बाइन तिच्या. आज इंडिगोच्या काही ए-३२० निओंवर असलेल्या गिअर्ड टर्बोफॅनबद्दल आपण पेपरात वाचतो. तो गिअर बिझनेस जेटवर पन्नास वर्षांपूर्वी फिरत होता.

जमिनीलगत मोजलं तर टीएफई-७३१ ला एक पौंड रेट्यासाठी तासाला अर्धाच पौंड इंधन पुरायचं. उंचीवर हा फरक निम्म्याचा राहत नाही, एक तृतीयांशाच्या आसपास येतो, पण तोही काय कमी आहे? हे इंजिन लावून लिअरजेट ३५ आणि ३६ आली, आणि तशी सातशेहून अधिक विमानं बनली. फ्रान्सच्या दसॉने फाल्कन १० ला तेच लावलं. ब्रिटिशांच्या हॉकर सिडली १२५ ने आपली जुनी व्हायपर टर्बोजेट काढून तेच बसवलं. खुद्द जेटस्टारची जुनी विमानं हँगरमध्ये आणून त्यांची इंजिनं बदलली गेली. दहा हजारांहून जास्त टीएफई-७३१ बनली. जुन्या टर्बोजेटवाल्या लिअरजेटांना मात्र शेवटी तेलापेक्षा आवाज भोवला. अमेरिकेने ३१ डिसेंबर २०१५ नंतर ७५ हजार पौंडांखालच्या गोंगाट करणाऱ्या जेटांना बंदी केली, आणि ज्यांना सायलेन्सर बसवणं परवडेना ती जागच्या जागी थांबली.

इथपर्यंतची गोष्ट इंजिनियरांची. यापुढे ती हिशोबनिसांची होते आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली.

त्या हॉकर १२५ च्या व्हायपर इंजिनापाशी जरा मागे जाऊ. १९६२ मध्ये, म्हणजे हे विमान (तेव्हाचं डी हॅविलँड १२५) पहिल्यांदा उडालं त्याच वर्षी, इंजिन बनवणाऱ्या ब्रिस्टल सिडलीने एक योजना काढली. मेंटेनन्सचा खर्च इंजिन बिघडेल तेव्हा नको, उडालेल्या प्रत्येक तासामागे ठरलेली रक्कम द्या, बाकी आम्ही बघतो. नाव ठेवलं 'पॉवर बाय द अवर'. नंतर रोल्स-रॉइसने ही कंपनी आणि हे नाव दोन्ही घेतलं आणि आज जगभरच्या एअरलाइन्सची इंजिनं असल्या करारांवर चालतात. आपण आयटीवाले ज्या सबस्क्रिप्शनचा एवढा डंका पिटतो तो प्रकार एका आठ सीटांच्या ब्रिटिश जेटच्या इंजिनासाठी साठ वर्षांपूर्वी निघाला होता! यातली खुबी बघा. इंजिन जितकं कमी बिघडेल तितका इंजिनवाल्याचा फायदा. आधी तो सुटे भाग विकून कमवायचा, म्हणजे इंजिन बिघडण्यातच त्याचा धंदा होता.

पण याने फक्त एक आकडा स्थिर झाला. बिझनेस जेटच्या खर्चाचे दोन ढीग असतात. एक उडालं की होणारा: इंधन, इंजिनाचा राखीव निधी, लँडिंग फी. दुसरा विमान उडो ना उडो होणारा: दोन पायलटांचे पगार आणि दरवर्षीचं ट्रेनिंग, हँगरचं भाडं, विमा, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे घसारा. आपल्याकडे बेंचवर बसलेला माणूस जसा पगार घेतोच, तसं हँगरमध्ये उभं असलेलं विमान.

सोयीसाठी गोल आकडे धरतो (हे माझे काल्पनिक आकडे आहेत, कुठल्या ठरावीक विमानाचे नव्हेत). समजा वर्षाचा बसून खर्च दहा लाख डॉलर, आणि उडण्याचा ताशी दोन हजार, त्यातलं इंधन एक हजार. वर्षाला ४०० तास उडालात तर एका तासाचा खर्च साडेचार हजार. १०० तासच उडालात तर बारा हजार! आता कुणी येऊन सांगितलं की वीस टक्के कमी पिणारं इंजिन आलंय. ताशी दोनशे डॉलर वाचले. ४०० तासवाल्याचे साडेचार टक्क्यांपेक्षाही कमी वाचले, १०० तासवाल्याचे दोन टक्केही नाहीत. ज्या बिचाऱ्या इंजिनियराने तीन वर्षं डोकं फोडून ते वीस टक्के मिळवले त्याने हे एक्सेल बघू नये.

म्हणजे खरा लीव्हर इंधनात नव्हताच. तो होता वर्षाच्या तासांत. विमान जास्त उडवा. पण एका कंपनीच्या साहेबांना वर्षाला उडून उडून किती उडायचंय?

रिचर्ड सँटुली या माणसाला हे नीट दिसलं. मूळचा गणिती, गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेला. १९८४ मध्ये त्याने एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही जुनी चार्टर कंपनी विकत घेतली (एके काळी या कंपनीचा प्रमुख पॉल टिबेट्स होता, हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचा पायलट). १९८६ मध्ये सँटुलीने नेटजेट्स सुरू केलं. विमानाचा तुकडा विकत घ्या. पाव हिस्सा घेतला तर वर्षाला २०० तास, सोळावा हिस्सा घेतला तर ५०. तुमचंच विमान येईल असं नाही, पण तशाच जातीचं विमान काही तासांच्या नोटिशीवर दारात उभं राहील. पहिली विमानं कुठली घेतली? सायटेशनच. अर्थात सोमवारी सकाळी सगळ्या हिस्सेदारांना एकदम जायचं असलं तर काय, यासाठी किती जादा विमानं ठेवायची हा निव्वळ गणिताचा प्रश्न, आणि तो त्याच्या आवडीचा.

इथे भाजक पुन्हा बदलला. हिस्सेदाराला ताशी बिल येतं ते तो स्वतः बसलेला असेल त्या तासांचं. त्याला सोडून विमान दुसऱ्याला आणायला रिकामं जातं, त्या फेरीचं इंधन त्याच्या ताशी बिलात वेगळं दिसत नाही, ते सगळ्यांच्या फीमध्ये विरघळतं. अतिशय हुशार मांडणी आहे. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं हेही खरं. पण "अ‍ॅव्हरेज किती देते" हा प्रश्न विचारायची जागाच त्यातून नाहीशी झाली, हे मला जरा खटकतं.

वॉरन बफेची यातली कथा सुरस आहे. १९८६ मध्ये त्याने बर्कशायरसाठी साडेआठ लाख डॉलरचं सेकंडहँड जेट घेतलं आणि भागधारकांच्या पत्रात ती बातमी मुद्दाम बारीक टायपात छापली. तीन वर्षांनी ते विकून ६७ लाखांचं दुसरं जुनं जेट घेतलं आणि नाव ठेवलं 'इनडिफेन्सिबल', म्हणजे समर्थन करताच येणार नाही असं. मग तो नेटजेट्सचा गिऱ्हाईक झाला, आणि १९९८ मध्ये साडेबहात्तर कोटी डॉलर मोजून अख्खी कंपनीच घेतली. २००९ मध्ये याच नेटजेट्सला एका वर्षात ७१ कोटी डॉलरचा करपूर्व तोटा झाला. तेल महाग झालं म्हणून? छे. मंदीत विमानांच्या किमती कोसळल्या, ताफ्याचं मूल्य खाली आणावं लागलं. तोच तो घसारा. सँटुलीने त्या वर्षी कंपनी सोडली.

आता आपल्या जातीच्या लोकांकडे येऊ. व्हर्न रेबर्न हा मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या मंडळींपैकी एक. त्याने १९९८ मध्ये एक्लिप्स एव्हिएशन काढली. कल्पना अशी की छोटं दोन इंजिनांचं जेट, किंमत आठ लाख डॉलरच्या आसपास, आणि वर्षाला हजारच्या पटीत बनवायचं. संख्या वाढली की किंमत पडते, हे कॉम्प्युटरच्या धंद्यात आम्ही पाहिलंय, विमानातही होणारच. इंधनाच्या बाबतीत एक्लिप्स ५०० खरंच अफलातून होतं. तासाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर, आणि वेग पहिल्या सायटेशनपेक्षा जास्त! किलोमीटरला भागलं तर एखाद्या मोठ्या ट्रकच्या जवळपास. प्रति तास म्हणा, प्रति मैल म्हणा, प्रति सीट म्हणा, कुठलाही भाजक घ्या, आकडा सुंदर.

आणि तरी बुडालं. निवडलेलं विल्यम्सचं चिमुकलं इंजिन २००२ मध्ये चाललं नाही, मग प्रॅट अँड व्हिटनीकडे जावं लागलं, त्यात काही वर्षं गेली. २००६ मध्ये प्रमाणपत्र मिळालं तेव्हा कॉकपिटमधलं सॉफ्टवेअर अर्धवट होतं, फीचर्स नंतर देऊ म्हणून विमानं गिऱ्हाइकांना दिली गेली. (ओळखीचं वाटतंय का?) जून २००८ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना एका एक्लिप्सच्या पायलटने थ्रॉटल जरा जोरात पुढे ढकलला. सेन्सरचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, सॉफ्टवेअरने त्याला चूक समजून शेवटची माहीत असलेली सेटिंग धरून ठेवली, आणि ती होती पूर्ण ताकद. दोन्ही इंजिनांची! विमान कसंबसं उतरवलं, कुणाला इजा झाली नाही. एरर हँडलिंगमध्ये 'शेवटची व्हॅल्यू ठेव' हे आपण किती सहज लिहितो.

एक्लिप्सचं सगळं गणित संख्येवर उभं होतं, आणि संख्येसाठी सगळ्यात मोठा आधार होता डेजेट. ही एड इयाकोबुचीची कंपनी, म्हणजे सिट्रिक्सच्या संस्थापकांपैकी एक, पुन्हा सॉफ्टवेअरवाला. फ्लोरिडातल्या छोट्या शहरांमध्ये सीटच्या हिशोबाने एअर टॅक्सी चालवायची. तुम्ही वेळेत जितकी सूट द्याल तितकं तिकीट स्वस्त, आणि कोण कुठल्या विमानात कधी हे कॉम्प्युटर ठरवणार. मला ही कल्पना आजही आवडते, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बिझनेस जेटचा खर्च भरलेल्या सीटने भागायला निघालं होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये सेवा सुरू झाली, सप्टेंबर २००८ मध्ये बंद पडली. भांडवल मिळेना. दोन महिन्यांत एक्लिप्स दिवाळखोरीत. तोपर्यंत २६० च्या आसपास विमानं बनली होती आणि किंमत २१ लाखांच्या वर गेली होती. वर्षाला हजारांच्या हिशोबाने ठरवलेली किंमत शेकड्यांत विकून टिकत नाही, हे कळायला एवढा खर्च झाला.

त्याच नोव्हेंबरात अजून एक प्रसंग घडला. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिघांचे प्रमुख सरकारी मदत मागायला डेट्रॉइटहून वॉशिंग्टनला गेले, प्रत्येक जण आपापल्या जेटने. संसदेच्या समितीत त्यांची अशी काही शोभा झाली की डिसेंबरच्या सुनावणीला तिघेही गाडीने आले. त्या आठवड्यात देशभर लोक करत होते तो भागाकार अगदी सोपा होता: तीन माणसं, तीन विमानं.

आता वरच्या टोकाला जे घडलं ते सांगून थांबतो. गल्फस्ट्रीम २ हे १९६६ मध्ये पहिल्यांदा उडालेलं मोठं जेट, रोल्स-रॉइसच्या स्पे इंजिनांचं. टाकीत साडेदहा टनांच्या आसपास इंधन. २००९ मध्ये उडालेलं त्याच घराण्यातलं जी-६५०, नवी इंजिनं, सुधारलेले पंख, टोकाला विंगलेट, चार दशकांचं एरोडायनॅमिक्स. ताशी जाळणं कमी झालं, तेही विमान कितीतरी मोठं आणि वेगवान होऊन. पण टाकी? वीस टन. वाचलेलं इंधन अंतरात आणि केबिनच्या ऐसपैसपणात गेलं. गल्फस्ट्रीम २ ला अटलांटिक ओलांडणं म्हणजे मोठी गोष्ट होती, जी-६५० न थांबता त्याच्या दुप्पट जातं. बनवणाऱ्यांचा दोष नाही, गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. त्याने कधी कमी बिल मागितलंच नव्हतं.

आणि हे विमान रोज काही महासागर ओलांडत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१९ ते २०२३ मधल्या जगभरच्या सुमारे २६ हजार खासगी विमानांच्या उड्डाणांचा हिशोब लावला गेला. त्या चार वर्षांत खासगी उड्डाणांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड ४६ टक्क्यांनी वाढला होता, आणि निम्म्याच्या जवळपास उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती. पुण्याहून हैदराबाद साधारण एवढंच. यातली कितीतरी उड्डाणं तर रिकामी, पुढचा माणूस उचलायला जाणारी. बसलेल्या माणसांच्या संख्येने भागायला गेलं तर तिथे एक्सेलमध्ये शून्याने भागल्याची एरर येते.

विचिटात २०२२ च्या मार्चमध्ये शेवटचं लिअरजेट गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं. सायटेशन अजून बनतंय, सात हजारांहून जास्त झाली. त्यातल्या सायटेशन एक्स या मॉडेलचा वेग ध्वनीच्या ०.९२ पट होता, म्हणजे ज्या लिअरजेटने त्यांची थट्टा केली त्याहूनही जास्त. तेही नीट विकलं जाईना तेव्हा सेस्नाने २०१८ मध्ये बंद केलं.